शांतिपर्वातला मनू आणि हॉब्जचा करार: तुलना कुठे बसते, कुठे फसते?

(चर्चा. ‘पूर्वपक्ष’, ‘तळटीप’, ‘षड्भाग’ आणि ‘रविवारचा वाचक’ ही सहभागींची टोपणनावं.)

पूर्वपक्ष

‘सामाजिक कराराचा सिद्धांत आपल्याकडे हॉब्जच्या कितीतरी आधी होता’ हे वाक्य राज्यशास्त्राच्या गाइडांमध्ये ठरलेलं आहे. (सामाजिक करार म्हणजे राज्य माणसांच्या संमतीतून, करारातून जन्मतं ही कल्पना; हॉब्ज हा ती मांडणारा सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ.) पुराव्यादाखल दोनच उतारे फिरत असतात: महाभारतातल्या शांतिपर्वाचा ६७वा अध्याय आणि कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाचा (भागाचा) १३वा अध्याय, म्हणजे १.१३. दोन्हीकडे मात्स्यन्याय (मोठा मासा लहानाला गिळतो तशी स्थिती) आहे, दोन्हीकडे मनू राजा होतो, दोन्हीकडे लोक कर द्यायचं कबूल करतात.

एम.ए.च्या मुलांसाठी यावर पंधरा-एक पानांचं टिपण करायचं आहे. त्यात ‘आमच्याकडे आधीच होतं’ हा सूर नको आहे, आणि ‘आपल्याकडे नुसता दैवी राजा, बाकी काही नाही’ हेही नको. तर जाणकारांना विचारायचं ते असं: ६७व्या अध्यायात खरोखर करार होतो का, आणि होत असेल तर कोणाकोणात? हॉब्ज, लॉक, रूसो या तीन युरोपीय करारवाद्यांपैकी तो कोणाशी जुळतो? आणि राजाने शब्द पाळला नाही तर पुढे काय, यावर ग्रंथांत काही ठोस आहे का? संदर्भ अध्यायांसकट दिलेत तर बरं होईल.

तळटीप

६७वा अध्याय सावकाश वाचला तर त्यात एक नाही, दोन ठराव दिसतात. गाइडवाले ते एकात कालवतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

क्रम असा आहे. राजा नव्हता, पाण्यातले मोठे मासे दुबळ्यांना खातात तसे लोक एकमेकांना खात होते. मग ते एकत्र आले आणि त्यांनी आपसांत नियम ठरवले: जो तोंडाने क्रूर, जो मारहाण करणारा, जो परस्त्रीकडे जाणारा, जो दुसऱ्याचं धन उचलणारा, त्याला आपल्यातून टाकून द्यायचं. सगळ्या वर्णांना एकमेकांचा भरवसा वाटावा म्हणून हे केलं, असंही श्लोकात आहे. हा पहिला ठराव. यात राजा नाही, देव नाही. लोक आणि लोक.

तरीही हाल संपले नाहीत, म्हणून ते ब्रह्मदेवाकडे गेले. स्वामी नसल्यामुळे आम्ही नाश पावतो आहोत, असा दे की ज्याला आम्ही सगळे मिळून पूजू आणि जो आम्हाला पाळील. ब्रह्मदेवाने मनूकडे बोट दाखवलं. मनूने चक्क नकार दिला. राज्य हे क्रूर कर्म आहे, मला पापाची भीती वाटते, आणि माणसं तर कायम खोटं वागणारी, असं तो म्हणतो. लोक म्हणाले, भिऊ नकोस, पाप करणाऱ्याचं त्याच्याकडे जाईल. आणि मग देणंघेणं मांडलं: जनावरं आणि सोनं यांचा पन्नासावा भाग, धान्याचा दहावा, शस्त्र चालवण्यात जे अव्वल ते तुझ्यामागे चालतील, आणि तू रक्षण केलेली प्रजा जो धर्म करील त्याचा चौथा हिस्सा तुझा. हा दुसरा ठराव, आणि यात एका बाजूला लोक, दुसऱ्या बाजूला मनू.

तेव्हा करार आहे, पण नेमणूक लोकांची नाही. नाव ब्रह्मदेवाने सुचवलं. लोकांनी फक्त अटी ठरवून नकार देणाऱ्याला राजी केलं. ‘लोकांनी राजा निवडला’ असं टिपणात लिहू नका. ‘लोकांनी राजाचं वेतन ठरवलं’ हे लिहिलंत तर कोणी हरकत घेणार नाही.

पहिला ठराव का फसला हे महाभारत सांगत बसत नाही, पण अंदाज बांधता येतो. टाकून द्या म्हटलं, तरी टाकणार कोण? हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथाच्या १७व्या प्रकरणात हेच आहे: तलवार मागे नसेल तर करार म्हणजे नुसते शब्द. तुलनेतली सगळ्यात घट्ट जागा ही आहे, आणि नेमकी तीच कोणी वापरत नाही. सगळे मासे धरून बसतात.

आजूबाजूचंही वाचा. त्याच ६७व्या अध्यायाच्या सुरुवातीला भीष्म सांगतो की राष्ट्र राजाविना असेल आणि राज्य घ्यायला कोणी जास्त बलवान चालून आला, तर सामोरं जाऊन त्याचा मान करावा. अराजकापेक्षा वाईट काही नाही. मनूची गोष्ट या सल्ल्याच्या समर्थनार्थ येते. म्हणजे ती लोकांच्या हक्काची गोष्ट म्हणून सांगितलेलीच नाही. आणि लगेच ६८व्या अध्यायात बृहस्पती वसुमना राजाला सांगतो की राजाला माणूस समजून त्याचा अवमान करू नये, तो मनुष्यरूपातली मोठी देवता आहे. हाच श्लोक थोड्या फरकाने मनुस्मृतीत ७.८ला आहे. वेतन घेणारा राजा आणि देवता असलेला राजा एकाच पर्वात शेजारी शेजारी बसलेत. आपल्याला त्यात विसंगती दिसते, सांगणाऱ्याला दिसली नव्हती.

षड्भाग

वरच्या प्रतिसादाशी सहमत. अर्थशास्त्राबद्दल भर घालतो, कारण तिथे फसगत जास्त होते.

१.१३ चा विषय राज्याची उत्पत्ती हा नाहीच. आपल्या मुलखात फुटण्याजोगे कोण आणि न फुटणारे कोण, त्यांच्यावर नजर कशी ठेवायची, हा त्या अध्यायाचा विषय. सत्री म्हणजे गुप्तहेर. त्यांनी तीर्थांवर, सभांत, गर्दीच्या ठिकाणी जोडीने जाऊन मुद्दाम वाद घालायचा. एकाने म्हणायचं, राजा सर्वगुणसंपन्न म्हणून ऐकतो, पण दंड आणि करांनी लोकांना पिडतो, त्याचा एक गुण दिसत नाही. दुसऱ्याने त्याला गप्प करायचं: मात्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केलं, धान्याचा सहावा भाग, विक्रीच्या मालाचा दहावा आणि रोख सोनं हा त्याचा हिस्सा ठरवला, त्यावर पोसलेले राजे प्रजेचा योगक्षेम वाहतात. रानात राहणारे मुनीसुद्धा वेचलेल्या दाण्यांचा सहावा भाग देतात. आणि शेवटी, राजे हे इंद्र आणि यम यांच्या जागी आहेत, त्यांचा अपमान करणाऱ्याला दैवी दंडही होतो.

तर ‘कौटिल्याचा करारसिद्धांत’ म्हणून जे उद्धृत होतं ते हेराच्या तोंडचं पढवलेलं वाक्य आहे. खुद्द कौटिल्याला राज्याबद्दल सांगायचं असतं तेव्हा तो करारापाशी जातच नाही, दंडापाशी (शिक्षा करण्याच्या सत्तेपाशी) जातो: १.४ मध्ये दंड चालवला नाही तर मात्स्यन्याय माजतो, दंड धरणारा नसला की बलवान दुबळ्याला गिळतो. विषय संपला.

आकड्यांच्या बाबतीत सावध राहा. शांतिपर्वात धान्याचा दहावा भाग, अर्थशास्त्रात सहावा, बौधायन धर्मसूत्रातही ‘षड्भागभृतो राजा रक्षेत् प्रजाः’ (सहाव्या भागावर पोसलेल्या राजाने प्रजेचं रक्षण करावं). मनुस्मृती ७.१३० मध्ये पशू-सोन्याचा पन्नासावा आणि धान्याचा आठवा, सहावा किंवा बारावा. हे सगळं ‘सहावा भाग’ म्हणून एका ओळीत उरकलं तर परीक्षक तिथेच बोट ठेवील.

पूर्वपक्ष

दोघांचेही आभार. पण हेराच्या तोंडी आहे म्हणून १.१३ बाद करायचं का? मग हातात फक्त ६७ उरतो.

षड्भाग

बाद कशाला? उलट माझ्या मते तो जास्त कामाचा पुरावा आहे. चव्हाट्यावर कुरकुर करणाऱ्याचं तोंड बंद करायचं तर ज्याला लोक मान डोलावतील असाच मुद्दा हेर वापरणार. ‘कर हा रक्षणाचा मोबदला आहे’ ही समजूत लोकांत इतकी मुरलेली होती की राजाच्या बाजूने बोलतानाही ती वापरता येत होती. दैवी दंडाची धमकी त्यानंतर, जोड म्हणून येते. हा क्रम टिपणात दाखवा.

अवांतर: १०.३ मध्ये राजाने लढाईआधी सैन्याला ‘मीही तुमच्यासारखाच वेतन घेणारा आहे, हे राज्य तुमच्यासह भोगायचं आहे’ असं सांगावं, असा सल्ला आहे. पुन्हा कानाला गोड लागेल असं वाक्य, आणि पुन्हा वेतनाचंच.

रविवारचा वाचक

पाश्चात्त्य बाजूला ‘सामाजिक करार’ नावाची एकच वस्तू आहे असं धरून चाललं की पुढचं सगळं वाकडं जातं. तिघांचे तीन वेगळे नकाशे आहेत.

हॉब्ज, १६५१. करार प्रत्येक माणसाचा प्रत्येक माणसाशी. सार्वभौम (सर्वोच्च सत्ता धरणारा) त्यात पक्षच नाही, म्हणून १८व्या प्रकरणानुसार त्याच्याकडून करारभंग होऊच शकत नाही. लॉक (शासनावरचा दुसरा निबंध, छापून आला १६८९च्या अखेरीस, मुखपृष्ठावर १६९०). माणसं आधी संमतीने समाज होतात, मग सत्ता विश्वस्ताकडे सोपवतात. विश्वस्ताने विश्वास मोडला तर कलम २२२ प्रमाणे सत्ता लोकांकडे परत येते. रूसो, १७६२चा ‘सामाजिक करार’ हा ग्रंथ. प्रत्येकजण स्वतःला सगळ्या समुदायाच्या हवाली करतो, सार्वभौम म्हणजे तो समुदायच; सरकार स्थापन करणं हा करार नव्हेच, असं तिसऱ्या भागाच्या १६व्या प्रकरणात तो साफ लिहितो.

आता मनूची गोष्ट यांच्या शेजारी ठेवा. प्रजा एका बाजूला, राजा दुसऱ्या बाजूला, मधे मोबदला. तिघांपैकी एकाचाही हा नकाशा नाही! हॉब्जने तर असा करार अशक्य ठरवण्यासाठीच एवढी खटपट केली. जुळतो तो त्यांच्या आधीच्या युरोपातला शासनकरार, ज्यात प्रजा आणि राजा समोरासमोर पक्ष असतात. फ्रान्समधल्या धर्मयुद्धांच्या काळात, १५७९ साली प्रॉटेस्टंट बाजूने निघालेल्या जुलमी राजांविरुद्धच्या प्रसिद्ध लॅटिन ग्रंथात तो उघड मांडला आहे: राजा नीट राज्य करील, तर आम्ही आज्ञा पाळू. (त्यातही पहिला करार देवाशीच आहे. ब्रह्मदेवामुळे अवघडून जाण्याचं कारण नाही.)

म्हणून ‘हॉब्ज विरुद्ध भीष्म’ या शीर्षकाखाली तीन वेगळ्या तुलना कराव्या लागतील. अराजकाचं चित्र हॉब्जशी जुळतं. कराराची रचना हॉब्जच्या आधीच्यांशी जुळते. चालून आलेल्या बलवंताला मान देण्याचा जो सल्ला तळटीप यांनी दाखवला, तो पुन्हा हॉब्जशी. त्याच्या २०व्या प्रकरणात भीतीपोटी विजेत्याशी केलेला करारही तितकाच बंधनकारक आहे. रूसोच्या सामाजिक कराराशी यातलं काहीच जुळत नाही. जुळायचंच तर १७५५च्या त्याच्या विषमतेवरच्या निबंधाशी, आणि तेही शांतिपर्वाच्याच ५९व्या अध्यायाचं.

तळटीप

५९व्या अध्यायाचा उल्लेख झाला ते उत्तम, कारण माझ्या मते तुलनेचा खरा माल तिथे आहे.

युधिष्ठिराचा प्रश्न पाहा. राजाचे हात, बाहू, मान इतरांसारखे, बुद्धी आणि इंद्रियं तशीच, सुखदुःख तेच, पाठ-तोंड-पोट तेच, जन्ममरण तेच. मग हा एकटा एवढ्या शूर आणि शहाण्या माणसांवर अधिकार कसा गाजवतो? हॉब्ज १३व्या प्रकरणात निसर्गतः सगळी माणसं जवळपास सारखीच, इथून सुरुवात करतो. प्रश्न एकच आहे हो. उत्तरं दोन दिशांना जातात.

भीष्माच्या उत्तरात आधी राज्य नव्हतं, राजा नव्हता, दंड नव्हता, दंड देणारा नव्हता. प्रजा धर्मानेच एकमेकांना राखत होती. म्हणजे ६७च्या बरोबर उलट सुरुवात. मग मोह, त्यातून लोभ, काम, राग (म्हणजे आसक्ती), आणि वेद लोपले. देव ब्रह्मदेवाकडे गेले, त्याने एक लाख अध्यायांचं नीतिशास्त्र रचलं. शिवाने ते दहा हजारांवर आणलं, इंद्राने पाच हजारांवर, बृहस्पतीने तीन हजारांवर, शुक्राने एक हजारावर. यानंतर कुठे राजाचा शोध सुरू होतो. आधी शास्त्र, मग राजा! विष्णूचा मानसपुत्र विरजा राज्य नाकारतो, पुढे वंशात वेन निघतो, तो अधर्माने वागतो, ऋषी त्याला मंत्रलेल्या कुशांनी मारतात आणि त्याच्या उजव्या हाताच्या मंथनातून पृथू निघतो.

हॉब्जच्या राज्यात कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, म्हणून राजा आधी आणि कायदा नंतर. इथे नियम राजाच्या आधीपासून आहेत, राजाला ते अमलात आणायला नेमलंय. मनुस्मृतीतही (७.१४) राजासाठी दंड आधी निर्माण झाला आणि ७.१७ म्हणतं, दंड हाच खरा राजा. करार नवा अधिकार जन्माला घालत नाही, तयार अधिकाराला माणूस मिळवून देतो. माझ्या टिपणात मी हाच मुद्दा मध्यभागी ठेवला असता.

आणि पृथूची शपथ गाळू नका. मनाने, कृतीने, वाणीने प्रतिज्ञा कर, असं देव आणि ऋषी त्याला सांगतात. त्या प्रतिज्ञेत द्विजांना दंड करणार नाही आणि लोकांना वर्णसंकरापासून वाचवीन, अशी कलमं आहेत. करारातले लाभार्थी समान नाहीत, हे इथे स्पष्ट लिहिलेलं आहे. ते झाकून ‘लोकशाहीची बीजं’ वगैरे लिहिणं म्हणजे वाचकाला फसवणं.

षड्भाग

‘नियम आधी, राजा नंतर’ याला एक अपवाद टिपणात घ्यावा लागेल. अर्थशास्त्र ३.१ मध्ये वादाचे चार पाय दिलेत: धर्म, व्यवहार, चरित्र (रूढ आचार), राजशासन, आणि नंतरचा आधीच्याला बाधतो. म्हणजे राजाज्ञा सगळ्यांच्या वर. टीकाकार यावर भरपूर झगडलेत, पण वाक्य आहे तिथेच आहे. धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्र ही एकाच माळेचे मणी समजून ‘हिंदू राजकीय विचार’ असा एकच कप्पा केला तर हे निसटतं.

असमान लाभार्थींबद्दल: पलीकडेही बायका आणि नोकर करारात कुठे होते ते विचारा. लॉकचे गुलामांच्या व्यापारातल्या रॉयल आफ्रिकन कंपनीत भाग होते. दोन्हीकडे सारखाच चष्मा लावा म्हणजे झालं.

पूर्वपक्ष

करारभंगाचं काय? तिसरा प्रश्न राहिला.

तळटीप

त्याला चार वेगवेगळी उत्तरं आहेत, आणि ती चार वेगळ्या ताकदीची आहेत.

सगळ्यात ठोस म्हणजे भरपाई. याज्ञवल्क्यस्मृती २.३६: चोराने नेलेलं द्रव्य राजाने जानपदाला (देशातल्या रहिवाशाला) द्यावं. शांतिपर्व ७६: चोरीला गेलेलं धन परत आणता येत नसेल तर ते राजाने स्वतःच्या कोशातून द्यावं. कर घेतलास, राखलं नाहीस, तर भरून दे. सेवा आणि मोबदला ही भाषा इथे हिशोबाच्या पातळीवर उतरलेली आहे. हॉब्जच्या सार्वभौमाला असं बिल पाठवताच येत नाही.

दुसरं, पापाचा वाटा. रक्षण केलं तर पुण्याचा हिस्सा, नाही केलं तर पापाचा. ७६व्या अध्यायात चौथा, मनुस्मृती ८.३०४ मध्ये सहावा. अंमलबजावणी परलोकात, त्यामुळे आजच्या वाचकाला फुसकं वाटतं.

तिसरं, सोडून जाणं. शांतिपर्व ५७: न शिकवणारा आचार्य, न शिकलेला ऋत्विज (यज्ञाचा पुरोहित), रक्षण न करणारा राजा वगैरे सहाजणांना समुद्रातल्या फुटक्या नावेसारखं टाकावं. हे हॉब्जच्या २१व्या प्रकरणाच्या जवळ जातं: संरक्षणाची ताकद आहे तोवरच आज्ञापालनाचं बंधन.

चौथं, अनुशासनपर्वातला श्लोक, जो सगळे उद्धृत करतात: ‘मी तुमचा रक्षणकर्ता’ म्हणून जो रक्षण करत नाही त्याला प्रजेने एकत्र येऊन पिसाळलेल्या कुत्र्यासारखं मारावं. तो दानधर्माच्या चर्चेत येतो. कोणी ठरवायचं, कधी, कसं, याची काहीही व्यवस्था तिथे नाही. आणि वेनाला मारलं ते प्रजेने नव्हे, ऋषींनी. पुढचा राजाही त्याच्याच शरीरातून काढला. वंश तुटू दिला नाही. सत्ता लोकांकडे परत येणं आणि लोकांनी नवी रचना उभारणं, ही लॉकची पायरी या ग्रंथांत नाही. वाईट राजानंतर चांगला राजा, एवढंच.

रविवारचा वाचक

राज्याभिषेकाच्या शपथेचा मोह होईल, म्हणून आधीच सांगतो. इतिहासकार काशीप्रसाद जायसवाल यांनी १९२४च्या ग्रंथात ऐतरेय ब्राह्मणातल्या (८.१५) शपथेवर बरंच बांधकाम केलं. ‘मी द्रोह केला तर जन्मापासून मरेपर्यंतचं माझं सगळं सुकृत, आयुष्य, संतती हिरावून घे.’ ऐकायला जबरदस्त. पण ही शपथ राजा घेतो ती पुरोहितापुढे, आणि द्रोह करायचा नाही तोही पुरोहिताचा. प्रजा चित्रात नाही. तो काळ ‘हिंदुस्थानाला फक्त हुकूमशाही ठाऊक’ या इंग्रजी आरोपाला उत्तर देण्याचा होता, हे ध्यानात घेऊन वाचावं.

उतारा प्रजेने निवडलेल्या राजाचाच हवा असेल तर दीघनिकायातलं अग्गञ्ञसुत्त घ्या. भाताची चोरी सुरू होते, लोक जमतात, त्यांच्यातल्याच एकाला निवडतात, भाताचा वाटा देतात, तो महासंमत. ब्रह्मदेव नाही. पण हे बौद्ध सुत्त आहे आणि वासेट्ठ व भारद्वाज या ब्राह्मण तरुणांना जन्मश्रेष्ठत्वाचा दावा किती पोकळ आहे हे दाखवण्यासाठी सांगितलेलं आहे. ते ‘हिंदू’ मथळ्याखाली टाकणं म्हणजे ज्याच्या विरोधात ते सांगितलं त्याच्याच खात्यात जमा करणं.

पूर्वपक्ष

हे सगळं वापरणार. शेवटचं: प्रती कोणत्या घेऊ? आणि शुक्रनीतीत ‘प्रजेने स्वतःचा भाग वेतन म्हणून देऊन राजाला दास केलं’ अशा अर्थाचा श्लोक आहे, तो चालेल का? फारच नेमका बसतो.

तळटीप

महाभारतासाठी भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती. शांतिपर्वाचं संपादन बेलवलकरांचं. ५९ आणि ६७ हे क्रमांक प्रचलित प्रतींतही तेच येतात, पण अनुशासनपर्वात एखाद्या अध्यायाचा फरक पडतो: पिसाळलेल्या कुत्र्याचा श्लोक प्रचलित प्रतीत ६१व्या अध्यायात, चिकित्सक आवृत्तीत ६०व्यात. कोणती प्रत ते पहिल्याच तळटीपेत लिहा. अर्थशास्त्रासाठी कंगले यांची मुंबई विद्यापीठाची आवृत्ती, १९६० ते ६५, तीन भाग. शामशास्त्रींच्या १९०९च्या प्रतीपेक्षा पाठ जास्त विश्वासार्ह. धर्मशास्त्राच्या बाजूने महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड, त्यातला राजधर्माचा भाग.

शुक्रनीती नको. त्यात बंदुका आणि दारू बनवण्याची कृती आहे. लल्लनजी गोपाल यांनी १९६२ साली ती एकोणिसाव्या शतकातली असल्याचं मांडलं आणि आज बहुतेक अभ्यासक तिला प्राचीन धरत नाहीत. तो श्लोक इतका नेमका बसतो, यातच त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.